पुण्यात तंतुवाद्य शिक्षकांची संघटना काढतोय. सल्ले हवेत, इशारेही चालतील

खर्जातली

नमस्कार मंडळी,

मी कोथरूडला व्हायोलिन शिकवते, हिंदुस्थानी पद्धतीचं, म्हणजे मांडी घालून. पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधल्या तंतुवाद्य शिकवणाऱ्यांचा आमचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रूप आहे. सतार, सरोद, व्हायोलिन, थोडे चेलो-व्हायोलावाले, एक सारंगीवाले बुवा आणि गिटारवाले भरपूर. कामाचं बोलणं अधूनमधून होतं: "उद्या संध्याकाळी तबल्याला कोणी मोकळं आहे का?" किंवा "माझा विद्यार्थी बाणेरला राहायला गेला, तिकडे कोण शिकवतं?" बाकी सगळं शुभ सकाळ.

दिवाळीनंतर टूम निघाली की आता रीतसर संघटना करू. लोगो लगेच तयार झाला. घटना कोण लिहिणार म्हटल्यावर ग्रूप चिडीचूप. मग ते काम माझ्या गळ्यात आलं, कारण मी पूर्वी बँकेत होते आणि "तुम्हाला कागदपत्रांचं कळतं".

तर विचारायचं असं की नोंदणी करावीच का? केली तर व्याप किती? वर्गणी काय ठेवावी? गिटारवाल्यांना घ्यायचं की नाही यावरून आत्ताच दोन तट पडलेत. आणि पहिल्या वर्षी करायचं काय? बहुमत भव्य संमेलनाच्या बाजूने आहे. कोणीतरी गणेश कला क्रीडा मंचाचं नावही घेतलं. एवढ्या खुर्च्या कोण भरणार, हे विचारलं तर मी निराशावादी ठरते.

सरोदिया

संमेलन नको. सविस्तर रात्री लिहितो, आत्ता क्लास आहे.

मिजराब

गिटार घेतलीत तर उद्या युकुलेले येईल. परवा कोणीतरी म्हणेल पियानोतही ताराच असतात. सीमा कुठेतरी आखावी लागेल की नाही?

कॅम्पातला_चेलो

@मिजराब, मग संतूरचं काय? त्या तारांवर तर काठ्या मारतात. बाहेर काढता का? :)

नियमावली_काका

खर्जातलीताई, मी आयुष्यभर सांस्कृतिक संस्थांचे हिशेब तपासले. त्यातल्या निम्म्या संस्थांचं आज फक्त लेटरहेड शिल्लक आहे. म्हणून जरा लांबण लावतो.

महाराष्ट्रात अशा संस्थेची दुहेरी नोंदणी होते. आधी सोसायटीज रजिस्ट्रेशन अ‍ॅक्ट, १८६० खाली संस्था म्हणून आणि मग महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली न्यास म्हणून. जुनी मंडळी त्याला अजून बॉम्बे पब्लिक ट्रस्ट अ‍ॅक्टच म्हणतात. दोन्ही कामं धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातच होतात. किमान सात माणसं लागतात, शिवाय ज्ञापन, घटना-नियमावली आणि जागेचा पुरावा. शेवटी हातात एफ नंबर, म्हणजे न्यासाचा नोंदणी क्रमांक, पडतो. इथवर सगळे हौसेने येतात, हार घालून फोटोही निघतो.

खरं काम तिथून पुढे. ३१ मार्चला वर्ष संपलं की सहा महिन्यांत लेखापरीक्षण करून अहवाल दाखल करायचा. कार्यकारिणी बदलली, एखाद्याने राजीनामा दिला, कोणी वारलं, तर ९० दिवसांच्या आत कलम २२ खाली बदल अर्ज टाकायचा. तो मंजूर होईपर्यंत कार्यालयाच्या परिशिष्टावर, म्हणजे पदाधिकाऱ्यांच्या अधिकृत यादीवर, जुनीच नावं राहतात. बँक ते परिशिष्ट मागते. नवा सचिव निवडून आलाय, पण चेकवर सही जुन्याची चालते आणि जुना तर रागावून गेलाय! अशी खाती मी डोळ्यांनी पाहिलीत, पैसे आहेत पण काढता येत नाहीत.

नोंदणीची कसोटी माझ्या दृष्टीने एकच. दुसऱ्याचे पैसे तुमच्या हातात राहणार आहेत का? अनामत, देणगी, वर्षाची वर्गणी, काहीही. राहणार असतील तर नोंदणी करा, एकाच्या बचत खात्यात ते ठेवू नका. देणगी मागत फिरायचं असेल तर नोंदणीशिवाय धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते, गणेश मंडळंसुद्धा वर्गणीसाठी ती काढतात. पैसे राहणारच नसतील, चहाचे त्या त्या वेळी वाटून घेणार असाल, तर व्हॉट्सअ‍ॅप ग्रूप झकास आहे.

दुसरं, आजीव सभासद. पहिल्या वर्षी सगळ्यांना आजीव करून घ्यायचा मोह होईल. एकदम रक्कम जमते, बरं वाटतं. पुढे दरवर्षी ऑडिटरची फी आहे, सभागृहाचं भाडं आहे आणि वर्गणी शून्य. त्यात आजीव सभासदांतले काही बंगळूरला, काही मुलाकडे टेक्सासला. गणसंख्येत मात्र ते सगळे मोजले जातात. म्हणून आपल्याकडच्या प्रत्येक सूचनापत्राखाली ते वाक्य असतं: "गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी सभा घेण्यात येईल व तिला गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही." हे कलम घटनेत आठवणीने घाला. सुरुवातीला वार्षिक सभासदच ठेवा. ज्याने वर्गणी भरली नाही त्याचं मत नाही, म्हणजे यादी आपोआप स्वच्छ राहते.

१२ए (संस्थेला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या आयकराच्या नोंदण्या वेगळ्या आहेत, धर्मादाय नोंदणी झाली की त्या आपोआप मिळत नाहीत. देणगीदारांना त्यातच रस असतो. पण पहिल्या दिवशी तिकडे धावू नका.

शनिवारची_सून

काका +१. वाचनखूण साठवली.

खर्जातली

काका, मनापासून धन्यवाद. "जुना रागावून गेलाय" वाचून ग्रूपमधले दोघे डोळ्यांपुढे आले. :(

एक राहिलं. बऱ्याच जणांची इच्छा आहे की संघटनेने फी ठरवून द्यावी. सिंहगड रोडला कोणी अगदीच किरकोळ फीमध्ये शिकवतो आणि मग पालक आमच्याशी घासाघीस करतात. किमान फी ठरवली, सगळ्यांनी पाळली, तर काय वाईट?

वकीलीणबाई

वाईट असं की ते बेकायदेशीर ठरू शकतं. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या व्यावसायिकांनी एकत्र येऊन दर ठरवणं स्पर्धा अधिनियम, २००२ च्या कलम ३ मध्ये येतं आणि संघटनेच्या ठरावातून ठरवलं तरी सुटका नाही. औषधविक्रेत्यांच्या संघटनांवर स्पर्धा आयोगाने याच कलमाखाली कारवाई केलेली आहे. तुम्ही त्यांच्या मानाने चिमुकल्या आहात, मान्य. पण इतिवृत्तात "किमान शुल्क अमुक, न पाळणाऱ्याचे सभासदत्व रद्द" असं लिहून ठेवणं म्हणजे आपल्याच हाताने पुरावा देणं.

त्याऐवजी नियम छापा, दर नाही. फी आगाऊ की महिनाअखेर, गैरहजर राहिलं तर तास भरून मिळेल का, उन्हाळ्याच्या सुट्टीत काय, महिन्याला पाच आठवडे आले तर काय, याचा एक नमुना कागद करा. ज्याला हवा तो वापरेल, आकडा आपला आपण भरेल. माझ्या पाहण्यात पालक-शिक्षक भांडणं आकड्यावरून कमी आणि बुडालेल्या तासावरून जास्त होतात.

पालक_हडपसर

शिक्षकांच्या धाग्यावर पालकाने बोलावं का? बोलतोच.

मुलगी व्हायोलिन शिकते. सुरू केलं तेव्हा पाव साइज घेतलं. ते लहान झालं म्हणून अर्धं घेतलं. आता तेही लहान झालंय, सर म्हणतात पाऊण आणा. प्रत्येक वेळी नवीन वाद्य, नवीन पेटी. आधीची दोन्ही कपाटावर पडून आहेत. विकायला काढली तर ऑनलाइन येणारे विचारतात, "भैया, ये गिटार है क्या?" तुमची संघटना माझ्यासाठी एवढंच करू शकली तरी मी वर्गणी भरेन.

आणि शिक्षकांची यादी, भागानुसार. आमच्याकडचे पहिले सर गाव सोडून गेले तेव्हा मधले काही महिने मुलीचा हात बंदच होता.

सरोदिया

क्लास संपला, जेवण झालं, आता लिहितो.

एका संस्थेत मी काही वर्षं होतो, नाव घेत नाही. तीही अशीच उत्साहात निघालेली. पहिलंच मोठं काम म्हणजे विद्यार्थी संमेलन. दिवसभराचं सभागृह, ध्वनिव्यवस्था, व्हिडिओ, तबल्याला दोघे, जेवण, स्मरणिका. स्मरणिकेच्या जाहिराती मिळवण्यात सचिवांचा उन्हाळा गेला. मग क्रम. कोणाचे विद्यार्थी आधी, कोणाचे शेवटी? ज्येष्ठ गुरुजींचे शिष्य सकाळी नऊला कसे बसवायचे? प्रत्येकाला सात मिनिटं ठरली, तर एका बाईंच्या विद्यार्थ्याने आलापच तेवढा केला. संध्याकाळी शेवटचा मुलगा वाजवायला बसला तेव्हा सभागृहात त्याचे आई-वडील आणि ध्वनिवाला. हिशेबात तूट आली. ती कोणी भरायची यावरून पुढची सभा झाली आणि त्यानंतर सभाच झाली नाही.

अहो, गुरुपौर्णिमेला प्रत्येक जण आपापल्या क्लासचा कार्यक्रम करतोच. आषाढात पुण्यात बरं सभागृह मिळत नाही. तेच काम एकत्र येऊन मोठ्या प्रमाणावर करण्यात संघटनेचा उपयोग काय? जे एकट्या शिक्षकाला जमत नाही ते संघटनेने करावं. पालक_हडपसर म्हणतात ते लहान वाद्यांचं फिरतं कपाट एकट्याला जमत नाही. आजारी पडलो तर माझे तास कोण घेईल, याची यादी एकट्याला जमत नाही. मिरजेहून कारागीर बोलावणं एकट्याला परवडत नाही.

हे शेवटचं जरा फोडून सांगतो. सतारीची जवारी, म्हणजे तारेचा तो गुंजणारा झंकार, उतरली की तार कोरडी वाजते, घोडीच्या (जिच्यावर तारा टेकतात त्या पट्टीच्या) पाठीवर तारेने चरे पाडलेले असतात. ती घासून परत बसवायला कसलेला हात लागतो. चुकीचं घासलं की घोडी वाया. पुण्यात दुरुस्ती करणारे आहेत, पण मोजके, आणि उत्सवांच्या आधी त्यांच्याकडे वाद्य टाकलं की विसरायचं. मिरजेत पिढ्यानपिढ्या हेच काम करणारी घराणी आहेत. २०२४ मध्ये तिथल्या सतार आणि तंबोऱ्याला जीआय (भौगोलिक) मानांकनही मिळालं. एका वाद्यासाठी मिरजेला जाऊन येणं म्हणजे एक दिवस गेला, वर वाद्य गाडीतून न्यायचं, भोपळ्याला धक्का लागेल म्हणून मांडीवर घेऊन. पण वीसेक वाद्यं एका ठिकाणी जमणार असतील तर कारागीर स्वतः यायला तयार होतात. जागा एखाद्या शिक्षकाचा हॉल. ज्याचं वाद्य त्याने कारागिराच्या हातात पैसे द्यायचे, संघटनेच्या पेटीत काही नाही. काकांच्या कसोटीने याला नोंदणीही लागत नाही.

नियमावली_काका

लागत नाही. बरोबर.

मिजराब

सरोदियांचं पटलं. पावसाळ्याआधी करा मात्र. जुलैत लाकूड फुगलेलं असतं, खुंट्या जाम होतात. आणि एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत त्याच खुंट्या घसरतात, मुलं थुंकी लावून बसवतात. (लावू नका रे! खडू चालेल.)

कॅम्पातला_चेलो

आता माझी बाजू. मी कॅम्पात चेलो शिकवतो. इथे पाश्चात्त्य संगीताची परंपरा जुनी आहे, पूना म्युझिक सोसायटीचे कार्यक्रम माझदा हॉलला होत आलेत. पण पेठेतला सतारवाला आणि कॅम्पातला चेलोवाला एकमेकांना ओळखत नाहीत. मुठा नदीपेक्षा हे अंतर मोठं आहे.

बाहेर अशा संघटना पूर्वीपासून आहेत. अमेरिकेतली तंतुवाद्य शिक्षक संघटना १९४६ची. युरोपातली १९७२ची, मॅक्स रोस्टाल या व्हायोलिनवादकाच्या पुढाकाराने सुरू झाली. तिच्या देशोदेशी शाखा आहेत, अमेरिकेतलीच्या राज्यवार. त्या मुख्यतः शिक्षकांना शिकवतात. माझ्या मते आपल्याकडची खरी पोकळी तिथे आहे. आपण सगळे वाजवायला शिकलो, शिकवायला कोणी शिकवलं? सात वर्षांच्या मुलाचा खांदा वर जातोय, अंगठा आवळतोय, हे कधी आणि कसं सोडवायचं? हे दोन शिक्षकांनी एकमेकांच्या वर्गात बसून पाहिलं तरी कळतं. त्याला हार, शाल, नारळ लागत नाही.

शनिवारची_सून

एकमेकांच्या वर्गात?? माझे गुरुजी दुसऱ्या घराण्याच्या माणसाला दारातूनच चहा देऊन पाठवायचे.

कॅम्पातला_चेलो

आमच्याकडे चहाही देत नाहीत.

वकीलीणबाई

चेष्टा बाजूला ठेवून एक गंभीर विषय, कारण यावर कोणीच बोललं नाही. तुमचे बहुतेक विद्यार्थी अठराच्या खालचे. वर्ग घरात, एकास एक, आणि हात-मनगट-खांदा धरून शिकवावं लागतं. संघटना म्हणून यादी छापलीत की त्या यादीतल्या प्रत्येकाची थोडी जबाबदारी तुमच्यावर येते.

मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा पॉक्सो कायदा २०१२चा. त्याच्या कलम १९ प्रमाणे असा गुन्हा झाल्याचं कळलं किंवा होण्याची धास्ती वाटली तरी पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. "आपसात मिटवू, संस्थेचं नाव नको" असं म्हणणाऱ्या पदाधिकाऱ्यावर कलम २१ खाली गुन्हा होतो. यादीत नाव घालण्याआधी लेखी आचारसंहिता घ्या. त्यात दार उघडं राहील, पालक केव्हाही आत येऊन बसू शकतील, हात लावण्याआधी मुलाला सांगून विचारून लावला जाईल आणि रात्री विद्यार्थ्याला खासगी मेसेज जाणार नाहीत, एवढं तरी असू द्या. तक्रार कोणाकडे करायची त्या दोन व्यक्तींची नावं यादीच्या वरच छापा, त्यातली एक संघटनेबाहेरची. मुलांसाठीचा १०९८ हा क्रमांकही छापा.

मिजराब

हे जरा अति होतंय असं नाही वाटत? गुरु-शिष्य नात्यात पालक मध्ये बसला तर मूल मोकळेपणी वाजवत नाही. आमच्या वेळी...

पालक_हडपसर

@मिजराब, सर, आमच्या वेळी काय चालायचं ते आमच्या वेळच्या मुलींना विचारा.

मिजराब

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

कॅम्पातला_चेलो

मिजराबसाहेब, सुझुकी पद्धतीत पालक वर्गात बसतोच, वही घेऊन. शिनिची सुझुकींची कल्पनाच ती होती की आई किंवा बाबाने वर्गात पाहायचं आणि घरी रोज सराव करून घ्यायचा. त्या पद्धतीने जगभर लाखो मुलं शिकली. पालकामुळे मूल बिचकतं ते पहिले काही तास. नंतर पालकच फोनमध्ये बुडतो.

खर्जातली

वकीलीणबाई, हे पहिल्याच सभेत घेते. ज्याला सही करायची नाही त्याचं नाव यादीत नाही. यावर मतदान घेणार नाही.

आता दुसरा वाद. कोणीतरी म्हणालं, निदान वर्षातून एकदा सगळ्यांनी मिळून वृंदवादन करू, संमेलन नाही तर नाही. पण सूर कसा जुळवणार? आमच्यात कोणाचा षड्ज पेटीच्या काळी एक पट्टीवर, कोणाचा पांढरी दोनवर. कॅम्पातली मुलं उभी राहून नोटेशन वाचतात, आमची मांडी घालून तोंडी शिकतात. चेलोसाहेब, तुम्ही मार्ग काढा.

कॅम्पातला_चेलो

पांढरी दोन धरा. आमच्या व्हायोलिनच्या तारा खालून वर जी, डी, ए, ई. पांढरी दोन म्हणजे डी. तो षड्ज मानला की मधल्या दोन तारा आपोआप सा आणि प झाल्या, खुंटीला हात न लावता. व्हायोला आणि चेलोलाही डी-ए आहेतच.

खर्जातली

अरे वा. म्हणजे तुमच्या कडेच्या तारा आमच्या हिशेबाने खाली मध्यम आणि वर रिषभ. आम्ही खालची पंचमात आणि वरची षड्जात लावतो. तिथे बोटं वेगळी पडणार. मधल्या दोनच तारांवर बसणारं काहीतरी हवं.

कॅम्पातला_चेलो

डी तारेवर मोकळी, पहिलं, दुसरं, तिसरं बोट: सा रे ग म. ए तारेवर तसंच: प ध नी सां. पूर्ण सप्तक दोन तारांत, पहिल्या पोझिशनमध्ये. सहा महिने शिकलेलं मूलही वाजवेल. चेलोला बोटं वेगळी, पण जागा बदलावी लागत नाही.

खर्जातली

मग भूप राग घेऊ! म आणि नी वर्ज्य, म्हणजे डी तारेवरचं तिसरं आणि ए तारेवरचं दुसरं बोट लागतच नाही. सा रे ग, प ध सां. मध्यलय तीनताल, सोपी गत, दोन-तीन ओळींचे पलटे. मी तोंडी बसवते, तुम्ही तुमच्यांसाठी लिहून काढा.

सरोदिया

सतारीवाल्यांना आदल्या दिवशीच पांढरी दोनला आणा. काळी एकवरून अर्धा स्वर चढवायचा म्हणजे नुसती बाजाची (मुख्य वाजवायची) तार नाही, खालच्या आपोआप झंकारणाऱ्या सगळ्या तरफा चढवायच्या. स्टेजवर चढवलेली तार कार्यक्रमभर उतरत राहते आणि एखादी तुटतेच, तीही नेमकी पहिल्या रांगेत पाहुणे बसल्यावर.

मिजराब

गिटारवर डी आणि जी शेजारी आहेत, डी आणि ए पण शेजारी आहेत, फक्त ए खालच्या सुराची आहे. भूप बसेल. (हो, हे मीच लिहितोय. भाच्याकडून तपासून घेतलं.)

शनिवारची_सून

म्हणजे गिटार संघटनेत आली तर. इतिवृत्तात नोंद घ्या.

नियमावली_काका

घटनेत वाद्यांची यादीच करू नका. "तंतुवाद्य शिकवणारी अठरा वर्षांवरील व्यक्ती" एवढं पुरे. कोण बसतं आणि कोण नाही ते कार्यकारिणी ठरवेल. नियमावलीत जे कोरून ठेवाल ते बदलायला पुन्हा विशेष सभा, ठराव आणि फेऱ्या. त्याच कारणाने वर्गणीचा आकडाही घटनेत नको, "वार्षिक सभा ठरवेल ती" असं लिहा.

पाऊण_साइज

मी परीक्षांबद्दल विचारणार होते. आमच्या भागात काही पालक गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना बसवतात, काही ट्रिनिटीच्या. संघटनेने स्वतःचं प्रमाणपत्र काढलं तर?

सरोदिया

काढू नका. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ १९३१पासून आहे, प्रारंभिकपासून अलंकारपर्यंत पायऱ्या ठरलेल्या आहेत. पाश्चात्त्यवाल्यांकडे ट्रिनिटी आणि एबीआरएसएम या ब्रिटिश परीक्षा मंडळांच्या ग्रेड आहेत. आपलं प्रमाणपत्र पालक फ्रेम करून लावतील आणि पुढे ते कुठेच चालणार नाही. मग शिव्या संघटनेला. परीक्षेआधी सगळ्यांच्या विद्यार्थ्यांचं एकमेकांपुढे सराव-वादन ठेवा, परक्या माणसापुढे हात कापतो तो तिथे कापू दे.

खर्जातली

इथवर आलोय तर ग्रूपवर काय टाकणार आहे ते सांगते.

संमेलन नाही. मे महिन्यात दुरुस्तीचा दिवस, सरोदियांनी मिरजेत बोलायचं कबूल केलंय. तोवर पैसे कोणाकडेच साठणार नाहीत, त्यामुळे नोंदणीची घाई नाही. लहान वाद्यांच्या कपाटाला अनामत लागणार, म्हणून ते नोंदणी झाल्यावरच. घटनेचा मसुदा काका आणि वकीलीणबाई पाहणार आहेत. (काकांनी फी म्हणून फिल्टर कॉफी मागितली आहे.) आचारसंहितेवर सही आधी, यादी नंतर. भूप नवरात्राच्या सुमारास, छोट्या जागेत, तिकीट नाही, भाषण नाही.

सभा मंगळवारी सकाळी अकराला ठेवतेय. आपण सगळे संध्याकाळी पाच ते नऊ आणि शनिवार-रविवार शिकवतो, तेव्हा बाकीच्या जगाच्या सोयीची वेळ आपल्याला उपयोगाची नाही. जागा डेक्कनच्या आसपास, म्हणजे रामवाडीकडून मेट्रोने सरळ, आणि पिंपरीकडच्यांनी सिव्हिल कोर्टला गाडी बदलायची.

अध्यक्ष कोण हा प्रश्न आहेच. एका मोठ्या बुवांना विचारावं असं सगळ्यांना वाटतं.

नियमावली_काका

मोठ्या कलावंताला सन्माननीय अध्यक्ष करा, कार्यकारिणीवर घेऊ नका. ते दौऱ्यावर असतात आणि बँकेला सही मंगळवारी हवी असते. खजिनदार मात्र असा निवडा की जो पंधरा रुपयांच्या झेरॉक्सचीही पावती मागेल. त्याला लोक नावं ठेवतील. ठेवू द्या.

पालक_हडपसर

नोंदणी होईपर्यंत थांबायचं असेल तर थांबतो, पण कपाटावरचं अर्धं व्हायोलिन तुमच्या कपाटाला आत्ताच देणगी म्हणून लिहून ठेवा. काल खाली काढलं. हलवलं की आत काहीतरी खुळखुळतंय. मुलगी म्हणते घोडीपण वाकडी दिसते.

नियमावली_काका

घरीच ठेवा. पावती देता येईल तेव्हाच संस्था वस्तू घेईल.

कॅम्पातला_चेलो

आतला साउंड पोस्ट, म्हणजे दोन फळ्यांमधली उभी लाकडी काडी, पडलाय. चारही तारा लगेच सैल करा, नाहीतर घोडीचा दाब सरळ वरच्या फळीवर येऊन ती खचेल. तो तुकडा काढायला आत काही घालू नका. मेमध्ये कारागीर येतील तेव्हा घेऊन या. मिरजेच्या मंडळींकडून नाही झालं तर मी बसवून देईन.